एक-दोन अंशांनी काय फरक पडतो? पक्ष्यांना विचारा

"डॉक्टर, हवा एक-दोन अंशांनी तापली तर एवढा गहजब कशाला?" असे चांगली शिकलेली माणसेही मला विचारतात. अंगात शंभर ताप आला की हीच मंडळी रात्री फोन करतात, ते असो. उत्तर हवाई बेटांवरच्या रानात आहे.

पक्ष्यांनाही मलेरिया होतो. (त्यांचा मलेरिया आपल्याला होत नाही, घाबरू नका.) "पक्ष्यांच्या आजाराशी आपला काय संबंध?" म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की मलेरियाचा परजीवी डासातून कसा पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी 1898 मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवरच प्रयोग करून दाखवले.

हवाईत मुळात डास नव्हते. 1826 च्या सुमारास जहाजांतून क्युलेक्स डास आला. आपल्या गटारांत वाढणारा, हत्तीरोग पसरवणारा, तोच हा. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर मलेरियाचा परजीवीही आला. तिथल्या हनीक्रीपर पक्ष्यांच्या शरीराला या रोगाची ओळखच नव्हती. लालभडक इइवी पक्ष्यांना प्रयोगात बाधित डासाचा एकच चावा दिला, तरी सुमारे 90 टक्के मेले.

वाचले ते उंच डोंगरांवरचे. कारण तिथली थंडी. डासाने बाधित रक्त शोषले म्हणजे लगेच रोग पसरत नाही. परजीवी डासाच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोहोचावा लागतो, आणि ही वाढ हवेच्या उष्णतेवर अवलंबून असते. साधारण 13 अंश सेल्सिअसखाली ती थांबते. त्याच्या थोडे वर ती इतकी रेंगाळते, की परजीवी तयार होण्याआधी बहुतेक डास मरून जातात. आता यात दोन अंश मिळवा. डास जिवंत असतानाच परजीवी तयार होतो. फरक पडतो तो इथे.

कौआई बेटाचा सर्वात उंच माथा जेमतेम 1,600 मीटरचा. ऊब डोंगर चढत आली, डास चढत आले, आणि पक्ष्यांना आणखी वर जायला डोंगरच उरला नाही. तिथला आकिकिकी 2023 पर्यंत रानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने हवाईतील 8 वनपक्षी नामशेष झाल्याचे जाहीर केले. अधिवास गेला, उंदीर-मांजरे आली, ही कारणे आहेतच. पण मलेरियाला त्यातून वगळता येत नाही.

"दोष डासांचा, हवामानाचा नाही," असे कुणी म्हणेल. डास तर दोनशे वर्षांपासून आहेत. मग डोंगरमाथ्यावरचे पक्षी आता का मरताहेत? "निसर्ग जुळवून घेतो," हे दुसरे लाडके वाक्य. आमाकिही या जातीने काही सखल भागांत मलेरिया सोसण्याची ताकद कमावली, हे खरे. पण त्यासाठी कितीतरी पिढ्या जाव्या लागतात, आणि पिढ्या वाढवायला पक्षी शिल्लक हवेत.

मावी बेटावर 2023 पासून वोल्बाकिया जिवाणू असलेले नर डास सोडले जात आहेत. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी जुगलेल्या रानटी मादीची अंडी उबत नाहीत. उपाय हुशारीचा आहे. पण नर पुन्हा पुन्हा सोडत राहावे लागतात. थांबले की डास परत डोंगर चढू लागणार.