फोरमनच्या ठोशाचं वजन

22 नोव्हेंबर 1997 रोजी अटलांटिक सिटीत बारावी फेरी संपली, तेव्हा 48 वर्षांचा बॉक्सर जॉर्ज फोरमन जिंकला याबद्दल रिंगभोवतीच्या बहुतेकांना शंका नव्हती. परीक्षकांना होती. एकाने 114-114 अशी बरोबरी दिली, उरलेल्या दोघांनी 116-112 आणि 117-113 असा शॅनन ब्रिग्जला कौल दिला. हा निकाल मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. त्यात कुणी पैसे खाल्ले असं मात्र मी म्हणणार नाही. संथ पण जड हाताच्या बॉक्सरला गुण देताना प्रामाणिक माणूसही गडबडतो, आणि त्याचं कारण पद्धतीतच आहे.

अमेरिकेत व्यावसायिक लढतीची प्रत्येक फेरी सुटी मोजतात. जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. खाली पडला तर बहुधा 8. स्वच्छ ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव हे चार निकष. ठोशाचा जोर जमेस धरायचा असतोच, पण जोर दिसणार कसा? चपळ गडी चार जॅब मारून बाजूला सरकतो, समोरच्याचं डोकं चारदा मागे झटकतं, प्रेक्षक ओरडतात. संथ गडी तेवढ्या वेळात बरगडीखाली एकच हुक घालतो. मध्ये रेफ्रीची पाठ आली, तर तो लागला की कोपरावर अडला हेही परीक्षकाला कळत नाही. त्या हुकाचा हिशेब दोन-तीन फेऱ्यांनंतर पाय जड झाले की कळतो, आणि तोवर त्या फेरीचे गुण देऊन झालेले असतात.

आपल्याकडे निकाली कुस्तीत ही भानगड नाही. पाठ टेकली की वाद मिटला. फोरमननेही एकदा तोच मार्ग धरला. 5 नोव्हेंबर 1994, लास वेगास. विश्वविजेत्या मायकेल मूररविरुद्ध नऊ फेऱ्यांनंतर तो तिन्ही परीक्षकांकडे मागे होता: 83-88, 83-88, 85-86. अंगात वीस वर्षांपूर्वी मुहम्मद अलीविरुद्ध घातलेली लाल चड्डी, आणि वय 45. दहाव्या फेरीत डाव्यामागून आखूड उजवा हनुवटीवर बसला, आणि मूरर उताणा. परीक्षकांची गरजच उरली नाही.

पण संथ बॉक्सरवर नेहमी अन्यायच होतो, असं म्हणायची सोय फोरमननेच ठेवलेली नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये जर्मनीच्या अ‍ॅक्सेल शुल्झने त्याला बारा फेऱ्या दमवलं. दोघांनी फोरमनला 115-113 दिले, तिसऱ्याने बरोबरी. ती मेहेरबानी होती. किताब देणाऱ्या आयबीएफ या संघटनेने फेरलढतीचा आदेश दिला, फोरमनने किताब सोडून दिला. पुढे चालत राहणं म्हणजे आक्रमण नव्हे, हे तेव्हा परीक्षक विसरले आणि ब्रिग्जच्या वेळी उलट्या टोकाला गेले.

फोरमननंतरही ही गडबड थांबली नाही. 2017 मध्ये कॅनेलो अल्वारेझविरुद्ध गेनाडी गोलोव्किन सतत अंगावर जात राहिला, ठोशांच्या मोजणीत त्याचे 218 ठोसे लागले आणि कॅनेलोचे 169. तरी परीक्षक अ‍ॅडलेड बर्ड यांनी कॅनेलोला 118-110 दिले, आणि लढत बरोबरीत सुटली. अर्थात, नुसत्या मोजणीतही हलका जॅब आणि जड हुक एकाच भावाने विकले जातात.

उपाय फार अवघड नाही. कुणी खाली पडलं नाही तरी एकतर्फी फेरीला 10-8 देण्याची मुभा आहे; परीक्षक ती सहसा वापरत नाहीत. गडी लटपटला, मिठी मारून वाचला, की ती वापरावी. क्रीडा आयोगांनीही परीक्षकाला जाहीरपणे विचारावं की अमुक फेरी अशी का दिली.

फोरमन 2025 च्या मार्चमध्ये गेला. 76 विजय, त्यातले 68 नॉकआउट, आणि 5 पराभव. त्या पाचांपैकी त्याला झोपवलं एकट्या अलीने. बाकीचे चार परीक्षकांनी दिलेले.