हात आणि हेतू

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आज घोडे दौडत नाहीत. तेथे कारखाने आहेत, वीज कंपनीची कचेरी आहे. राजेशाही खेळाची खूण आता केवळ नावात उरली आहे. हे नाव कानी पडले की आम्हांस होळकरी इंदुराशी जडलेल्या एका खुनाचे स्मरण होते. 12 जानेवारी 1925 रोजी मुंबईच्या मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांच्या मोटारीवर हल्ला झाला. हल्लेखोरांना इंदूरचा राजवाडा सोडून बावलांच्या आश्रयास आलेली मुमताज बेगम पळवून न्यायची होती. ती वाचली, बावला प्राणांस मुकले. आरोपींत इंदूर संस्थानचे नोकर होते. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांना देहांताची शिक्षा सुनावली.

अशा कृत्यास हल्ली 'फर्स्ट डिग्री मर्डर' म्हणण्याची रीत पडली आहे. हा शब्द अमेरिकेचा. पेनसिल्व्हेनिया राज्याने 1794 साली खुनाचे दर्जे पाडले आणि पूर्वनियोजित खुनास पहिला दर्जा दिला. आपल्या कायद्यात असे दर्जे छापलेले नाहीत. मात्र 1976 साली पुन्नय्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या तीन पायऱ्या उलगडून दाखविल्या. सर्वांत गंभीर पायरी म्हणजे खून. त्याखालच्या दोन पायऱ्यांवर वध असतो, पण तो खून ठरत नाही. दंडसंहितेचे 300 हे कलम 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 101 झाले. पायऱ्या त्याच राहिल्या.

या पायऱ्या कशावरून ठरतात? किती रक्त सांडले यावरून नव्हे, तर मारणाऱ्याच्या मनात काय होते यावरून. जीव घेण्याचा हेतू होता काय? जी जखम करावयाची म्हणून केली, ती सामान्यतः मरणास पुरेशी होती काय? की अचानक जुंपलेल्या भांडणात, कोणताही कट नसताना, घाव बसला? आपल्याकडे खून ठरण्यास महिनोन्महिन्यांची आखणी लागत नाही. हेतू क्षणार्धातही जन्मास येतो. पण मन कोणी डोळ्यांनी पाहत नाही. ते हत्यारावरून, घावाच्या जागेवरून आणि आधीनंतरच्या वागण्यावरून वाचावे लागते. पंचनामा ढिसाळ झाला, साक्षीदार फुटला, की खुनाचा आरोप खालच्या पायरीवर घसरतो किंवा आरोपी मोकळा सुटतो.

म्हणूनच प्रत्येक हत्येनंतर 'फाशी द्या' असा जो घोष उठतो, तो आम्हांस अस्वस्थ करतो. मृतांच्या आप्तांचा आक्रोश आम्ही समजू शकतो. परंतु खून झाला काय हा एक प्रश्न आणि शिक्षा कोणती हा दुसरा. बच्चनसिंग खटल्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी विरळातल्या विरळ प्रकरणांपुरतीच राखून ठेवली. गोमंतकीयांस तर हा भेद परका वाटू नये. पोर्तुगीज सत्तेचे गोडवे आम्ही कधी गाइले नाहीत. तरी त्या देशाने 1867 सालीच सामान्य गुन्ह्यांसाठी फाशी रद्द केली होती, हे नाकारता येत नाही. तेथे फाशी गेली म्हणून खून काही सौम्य गुन्हा झाला नाही.

बावला प्रकरणाचा शेवट मात्र विसरता येत नाही. महाराजा तुकोजीराव होळकरांपुढे चौकशी आयोग की गादीचा त्याग, असा पर्याय ठेवण्यात आला. त्यांनी फेब्रुवारी 1926 मध्ये गादी सोडली. त्यांच्या दोषादोषाचा निवाडा कोणत्याही न्यायालयात झाला नाही. हातांना शिक्षा झाली. त्या हातांमागे कोणाचे मन होते काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

आज संस्थाने नाहीत, गाद्या नाहीत. गोळी झाडणारा पकडला की तपास संपला, असे मानण्यास आता कोणतीही सबब उरलेली नाही. कट सिद्ध करणे कष्टाचे असते. पण कायद्याने खुनाचे मोल हेतूवर ठरविले असेल, तर तपासानेही हेतूच्या उगमापर्यंत गेले पाहिजे. लोकांनी मोर्चे जरूर काढावेत. मात्र फाशीच्या दोराआधी चोख तपासाची मागणी करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.