बर्फावरच्या गाडीचा पट्टा कसा निवडावा?

बडोद्याहून एका वाचक भगिनींनी लिहिले आहे: ‘माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात राहतात. त्यांनी एक वापरलेली क्रॉसओव्हर स्नोमोबाइल घेतली आहे. तिचा खालचा रबरी पट्टा झिजला असून नवा टाकायचा आहे. जावई म्हणतात, उंच दात्यांचा घेऊ, म्हणजे कुठेही जाता येईल. मुलगी म्हणते, आपण जातो ठरलेल्या वाटेनेच, मग उगाच कशाला? फोनवर दोघांचे बोलणे ऐकून मला कळत काहीच नाही, काळजी मात्र वाटते. यात बरोबर कोण?’

ताई, प्रश्न चांगला विचारलात. गुलमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलंगला सहलीला गेलेल्या आपल्या अनेक वाचकांनी ‘स्नो स्कूटर’वर बसून फेरी मारली असेल. पुढे दोन पट्ट्यांसारख्या स्की आणि मागे फिरणारा रुंद रबरी पट्टा, अशी ती गाडी. आपल्याला ती दहा मिनिटांची गंमत. पण मिनेसोटा, कॅनडा या भागांत ती हिवाळ्यातली नेहमीची सोबतीण आहे. एकट्या मिनेसोटात या गाड्यांसाठी आखलेल्या वाटांची लांबी २२ हजार मैलांहून अधिक आहे. अशा ठिकाणी पट्टा चुकीचा निवडला, तर पैसे वाया जातातच, शिवाय उणे वीस अंशांच्या थंडीत माणूस वस्तीपासून दूर अडकू शकतो.

पट्ट्यामागची कहाणी

हा पट्टा आला कुठून, ते आधी थोडक्यात पाहू. कॅनडातील क्वेबेक प्रांतात वालकूर नावाच्या गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा तरुण गॅरेज चालवीत असे. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ पोटाच्या दुखण्याने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाखाली गेलेले, रुग्णालय दूर, आणि बर्फावरून जाईल असे वाहन हाताशी नाही. मूल दगावले. बर्फावरून चालणारी गाडी बनवण्याचा बोंबार्दिएचा खटाटोप आधीपासून सुरू होताच, पण त्यानंतर त्याने तो ध्यास सोडला नाही. दातेरी चाकाने फिरणाऱ्या पट्ट्याचे पेटंट त्याला १९३७ साली मिळाले. त्याच्या पहिल्या गाड्या मोठ्या, सात माणसे बसतील अशा होत्या. डॉक्टर, टपाल, शाळेची मुले यांची ने-आण त्यांतून होऊ लागली. एकदोन माणसांसाठीची हलकी ‘स्की-डू’ १९५९ साली बाजारात आली. आजची क्रॉसओव्हर ही तिचीच नात म्हणा ना!

क्रॉसओव्हर म्हणजे काय?

या गाड्यांत ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिली वाटेवरची. यंत्राने दाबून सपाट केलेल्या वाटांवर ती वेगाने पळते व चटकन वळते. तिचा पट्टा आखूड, म्हणजे पूर्ण वेढ्याची लांबी १२० ते १२९ इंचांच्या आसपास आणि दाते एक ते सव्वा इंचाचे. दुसरी डोंगरातली. तिथे बर्फ कमरेएवढा आणि भुसभुशीत. तिचा पट्टा १५४ पासून १७५ इंचांपर्यंत लांब आणि दाते अडीच-तीन इंच उंच. या दोघींच्या मधली ती क्रॉसओव्हर. तिच्या पट्ट्याची लांबी बहुधा १३७ ते १४६ इंच, रुंदी १५ किंवा १६ इंच आणि दाते सव्वा ते दोन इंच. वाटेवरही चालावी आणि वाट सोडून शेजारच्या रानातल्या ताज्या बर्फातही जावी, असा तिचा बेत असतो. दोन्ही कामे ती करते, पण दोन्हींत पहिला नंबर काढत नाही. पट्टा निवडताना हे आधी मान्य करावे.

लांबी, दाते आणि दात्यांमधले अंतर

पट्ट्याची तीन मापे लक्षात ठेवली म्हणजे पुरे.

पहिले माप लांबीचे. लांब पट्ट्यामुळे गाडीचे वजन बर्फावर जास्त जागेत विभागले जाते, म्हणून गाडी कमी रुतते. हिशेब सोपा आहे. १२९ इंचांच्या जागी १४६ इंचांचा पट्टा घेतला तर वेढ्यात १७ इंचांची भर पडते. त्यातला निम्मा भाग वर असतो, म्हणजे जमिनीवर टेकणारी लांबी साधारण साडेआठ इंच वाढली. रुंदी १५ इंच धरली, तर फुलस्केप कागदाहून थोडी मोठी जागा जास्त मिळाली. एवढ्यानेही भुसभुशीत बर्फात फरक पडतो. मात्र लांब पट्टा वळताना हट्टीपणा करतो, वजन वाढवतो आणि इंजिनाची थोडी ताकद खातो.

पण इथे एक अडचण आहे. पट्टा ज्या सांगाड्यावर फिरतो, त्याची लांबी ठरलेली असते. १३७ इंचांच्या गाडीवर १४६ इंचांचा पट्टा नुसता चढवता येत नाही. खालचे रूळ वाढवावे लागतात. म्हणून पट्टा बदलताना खरी निवड बहुतेक वेळा लांबीची नसते, ती दात्यांची असते.

दुसरे माप दात्यांच्या उंचीचे. आपल्याकडे भाताच्या खाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात. चिखलात ती उत्तम. पण त्याच चाकांवर डांबरी रस्त्याने तालुक्याला निघालात तर काय होईल? उंच दात्यांचे तसेच आहे. खोल बर्फात ते वल्ह्यासारखे काम करतात. टणक वाटेवर मात्र ते वाकतात, गाडी डुलल्यासारखी वाटते, रबर तापते आणि दाते मुळाशी फाटू लागतात. उलट आखूड दाते वाटेवर घट्ट पकडतात, पण खोल बर्फात नुसते फिरत राहतात. गाडी पुढे जाण्याऐवजी आपल्याच पोटाखाली खड्डा खणते.

तिसरे माप दात्यांच्या दोन ओळींमधले अंतर. त्याला तिकडे ‘पिच’ म्हणतात. २.५२, २.८६, ३ आणि ३.५ इंच ही त्याची प्रचलित मापे. पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी हे अंतर जुळलेच पाहिजे. २.८६ इंचांच्या ४८ ओळी झाल्या की १३७ इंचांचा पट्टा होतो. ३ इंचांच्या ४८ ओळींचा होतो १४४ इंचांचा. दुकानात ‘१३७चा द्या’ एवढेच सांगून भागत नाही. पिच न विचारता आणलेला पट्टा परत करायला जावे लागते.

उंच दात्यांची किंमत

‘उंच दाते घेतले, वाटेवर थोडे हळू चालवू’ असे जावईबापू म्हणतील. पण मामला वेगापुरता नाही. पट्टा प्लॅस्टिकच्या दोन लांब पट्ट्यांवर घसरत फिरतो. त्यांना थंड ठेवते आणि वंगण पुरवते ते उडणारे बर्फ. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे रेडिएटरही आसनाखालच्या बोगद्यात असते आणि पट्ट्याने उडवलेल्या बर्फावरच त्याची भिस्त असते. वाट टणक आणि कोरडी असली की हा पुरवठा तुटतो. प्लॅस्टिक वितळू लागते, इंजिन तापते. त्यावर उपाय म्हणून स्प्रिंगसारखे पोलादी ओरखडे लावतात. ते वाटेवरचा बर्फ खरवडून पट्ट्याकडे उडवतात. क्रॉसओव्हर गाडीला ते असावेतच.

शिवाय उंच दात्यांना बोगद्यात पुरेशी जागा आहे का, हे मोजून पाहावे लागते. जागा कमी असेल तर दाते रेडिएटरला घासतात. दाते खूपच उंच घेतले तर साखळीची दातेरी चाके बदलून गिअरिंग हलके करावे लागते. म्हणजे पट्ट्याच्या किमतीवर वरखर्चही धरावा.

खिळे लावावेत का?

मिनेसोटात तळ्यांना तोटा नाही आणि हिवाळ्यात ती गोठतात. त्या काचेसारख्या टणक बर्फावर रबर घसरते. ब्रेक लावला तरी गाडी पुढे जातच राहते. म्हणून पट्ट्याला कठीण टोकाचे धातूचे खिळे लावतात. खिळा दात्याच्या वर पाव ते तीन अष्टमांश इंच आला पाहिजे, असा ठोकताळा आहे. दाते जितके उंच, तितका खिळाही लांब, आणि लांब खिळा लवकर वाकतो किंवा पट्टा फाडून बाहेर येतो. म्हणून उंच दात्यांच्या पट्ट्याला असे खिळे सहसा कोणी लावत नाही. त्याला पर्याय निघाला आहे: दात्यांच्या टोकातच बारीक खिळे कारखान्यात बसवलेला पट्टा. क्रॉसओव्हर गाडीसाठी तो सोयीचा पडतो.

मात्र चार गोष्टी सांभाळाव्यात. खिळे लावले तर पुढच्या स्कीखालच्या धारदार पट्ट्याही तशाच चांगल्या हव्यात. नाही तर मागचा भाग ढकलत राहतो आणि गाडी वळत नाही. डांबरी सार्वजनिक वाटांवर खिळ्यांच्या गाड्यांना मिनेसोटात, काही अपवाद सोडता, मनाई आहे. पट्टा फिरत असताना गाडीच्या मागे कोणी उभे राहू नये; निखळलेला खिळा मोठ्या वेगाने सुटतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, खिळे घसरण्यापासून वाचवतात, बुडण्यापासून नव्हे. गोठलेल्या तळ्यावर गाडी नेण्यासाठी किमान ५ ते ७ इंच जाडीचा नवा, स्वच्छ बर्फ हवा, असे तिथले सरकारी खाते सांगते. तो भोक पाडून मोजावा. नजरेने कळत नाही.

मग घ्यावा कोणता?

दोघांनी एका संध्याकाळी बसून मागच्या हिवाळ्याचा हिशेब मांडावा. शंभर मैलांपैकी आखलेल्या वाटेवर किती गेलो आणि वाट सोडून किती? पुढच्या वर्षी कुठे जायची इच्छा आहे ते त्यात धरू नये. खरोखर कुठे गेलो तेवढेच लिहावे.

शंभरांतले ऐंशी-नव्वद मैल वाटेवर असतील तर सव्वा इंचाचे दाते पुरेत. सत्तर-तीस असे प्रमाण असेल तर दीड ते १.६ इंच. निम्मे-निम्मे असेल तर पावणेदोन इंचांपर्यंत जावे. दोन इंच त्यांनीच घ्यावे, जे बहुतेक वेळ ताज्या बर्फात असतात आणि वाटेचा उपयोग तिथवर पोहोचण्यापुरता करतात.

मुलीच्या म्हणण्याप्रमाणे दोघे मुख्यतः वाटेनेच जात असतील, तर माझा कौल असा: लांबी आणि पिच आहे तेच ठेवावे, दाते दीड ते १.६ इंचांचे घ्यावेत आणि तळ्यांवरून जाणे नेहमीचे असेल तर टोकात खिळे असलेला प्रकार निवडावा. यात मुलगी बारा आणे बरोबर, जावई चार आणे. ताज्या बर्फात दोन पावले शिरायची त्यांची हौसही यात भागेल.

जुना पट्टाच आणखी एक हिवाळा चालवायचा विचार असेल, तर इंजिन बंद करून तो हाताने तपासावा. दाते मुळाशी फाटलेत का, आतील आडव्या काड्या मोडल्यात का, रबरातून धागे डोकावतात का, कडेच्या धातूच्या पट्ट्या निघाल्यात का, हे पाहावे. काड्या मोडल्या असतील किंवा धागे दिसत असतील, तर मोह न धरता पट्टा बदलावा. नवा बसवल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत तो सैल होतो. ताण आणि सरळपणा पुन्हा तपासून घ्यावा.

आणि ताई, तुम्ही आई म्हणून त्यांना एवढे जरूर सांगा. पट्टा कोणताही असो, वाट सोडताना एकट्याने जाऊ नये. गाडीत फावडे असावे, आणि कुठे जातो, केव्हा परतणार, हे घरी किंवा शेजारी सांगून निघावे.