साहेबांच्या पडद्यावर नसलेला रकाना

आजकाल जिल्हाधिकारी कार्यालयातील आढावा बैठक म्हटली की भिंतीवर मोठा पडदा आणि त्यावर लाल, पिवळे, हिरवे चौकोन आलेच. लाल चौकोन दिसला की त्या खात्याचा अधिकारी उभा राहतो, खुलासा देतो आणि बसतो. हिरव्याबद्दल कोणी विचारत नाही. याला डॅशबोर्ड म्हणतात. व्यवस्थापनशास्त्रात याचे जुने नाव कार्यकारी माहिती प्रणाली. वरच्या खुर्चीतल्या माणसाला एका नजरेत सगळे दिसावे, यासाठी केलेली ही सोय.

माझा या पडद्याला विरोध नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्हा कार्यक्रम सुरू केला. देशातले ११२ जिल्हे त्यात आहेत. आपल्याकडचे चार : नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव. एकूण ४९ निर्देशक ठरले. आरोग्य-पोषणाला ३० टक्के भार, शिक्षणाला ३०, शेती आणि पाण्याला २०, बाकीचे २० टक्के बँक खाती, कौशल्य आणि रस्ते-वीज यांसारख्या सुविधांना. दर महिन्याला जिल्ह्यांची क्रमवारी लागते. ज्या जिल्ह्यांकडे दिल्लीतून कोणी वळूनही पाहत नसे, त्यांच्या बाळंतपणांचा आणि लसीकरणाचा हिशेब दरमहा मागितला जाऊ लागला, ही साधी गोष्ट नाही.

प्रश्न असा आहे की हे ४९ कोणी ठरवले आणि पन्नासावा सुचवायचा असेल तर कोणाला सांगायचे?

वाशिमचेच घ्या. या जिल्ह्यात कारंजा आणि मंगरूळपीर येथे मुस्लिम वस्ती मोठी आहे. किती मुले प्राथमिकमधून उच्च प्राथमिकमध्ये आणि तिथून माध्यमिकमध्ये गेली, हा निर्देशक पडद्यावर आहे. पण तो सगळ्या जिल्ह्याचा एकच आकडा. अनेक गावांत जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते. पुढची शाळा लांब, माध्यम वेगळे. मुलगा एसटीने जातो, मुलगी घरी बसते. ही मुलगी सरासरीत विरघळून जाते. जिल्ह्याचा चौकोन हिरवा होऊ शकतो आणि ती मुलगी घरातच राहू शकते. सच्चर समितीने २००६ सालीच सांगितले होते की सामाजिक-धार्मिक गटांनुसार माहिती एका जागी गोळा करा, त्यासाठी राष्ट्रीय माहितीकोश उभारा. समितीचे नाव आले की आपल्याकडे लगेच आरक्षणावर वाद सुरू होतो. माझ्या मते त्या अहवालातली सर्वांत दूरदृष्टीची शिफारस ही आकड्यांची होती, आणि तिच्यावर सर्वांत कमी भाषणे झाली.

आता दुसरी बाजू. शाळा कुठे संपते आणि मुलगी कधी घरी बसते, हे त्या जिल्ह्यात कोणालाच माहीत नसते का? मुख्याध्यापकाला माहीत असते, आशाताईला माहीत असते, केंद्रप्रमुखालाही. पण साहेबांसमोर, चाळीस लोकांत, "तुमचा रकानाच अपुरा आहे" असे कोण म्हणणार?

नेमक्या याच अडचणीसाठी १९८० च्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात जे नुनामेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समूहाच्या निर्णयाला मदत करणारी संगणक प्रणाली तयार केली. बैठकीतल्या प्रत्येकापुढे एक संगणक. सगळे एकाच वेळी आपले मत टंकतात, मत सर्वांना दिसते, नाव दिसत नाही. तिच्यामागचे गणित शाळेतले आहे. तासभराच्या बैठकीत बारा माणसे तोंडी बोलली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात, आणि प्रत्यक्षात त्यातली चाळीस मिनिटे साहेबच घेतात. आयबीएमसारख्या कंपनीने ही पद्धत वापरली. आपण मात्र साहेबांना दिसेल असा पडदा घेतला, शिपायापासून सगळ्यांना बोलता येईल असा संगणक घेतला नाही.

मुसलमानांना तर ही कल्पना परकी वाटायला नको. कुरआनात शूरा नावाची सूरह आहे, आपसातल्या सल्लामसलतीला तिथे श्रद्धावंतांचे लक्षण म्हटले आहे. उहुदच्या वेळी, हिजरी ३ मध्ये, मदिन्यात राहूनच सामना करावा असे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे स्वतःचे मत होते. बद्रला जाता न आलेल्या तरुणांचा आग्रह बाहेर पडण्याचा होता. प्रेषितांनी (स.) तो मानला. युद्धात मोठी हानी झाली, हजरत हमजा (र.) शहीद झाले. त्यानंतर आले-इमरान सूरहमध्ये जो आदेश आला तो असा नव्हता की यापुढे यांना विचारू नका. उलट यांना माफ करा आणि कामात यांचा सल्ला घ्या, असा आला. एका निर्णयाचा निकाल वाईट लागला म्हणून विचारण्याची पद्धत मोडीत काढायची नाही, हे तिथे ठरून गेले.

आणि आपल्या मशिदींच्या, मदरशांच्या ट्रस्टमध्ये काय चालते? हाजीसाहेब बोलतात, बाकीचे "आप जैसा मुनासिब समझें" म्हणून चहा पितात. बायका तर बैठकीतच नसतात. नावे न घालता चिठ्ठ्या गोळा करायला संगणकही लागत नाही. सरकारकडून अपेक्षा करताना हे घरचेही पाहावे.

सरकारचे काम तर आणखी सोपे आहे. कोणत्या शाळेत कोणत्या माध्यमाची, किती मुस्लिम मुले-मुली कोणत्या इयत्तेत आहेत, हे यू-डायस या शाळांच्या माहिती प्रणालीत दरवर्षी भरले जाते. मुख्याध्यापकच भरतात. नवी पाहणी नको, नवा निधी नको. उर्दू शाळांच्या शेवटच्या इयत्तेतल्या मुली आणि पुढच्या वर्षी नववीत नाव असलेल्या मुली, एवढे दोन आकडे वाशिमच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावायचे आहेत.