सावकाश वितळणारे आइस्क्रीम

मॉलच्या एखाद्या कोपऱ्यात लाल, जरीचे जाकीट घातलेला विक्रेता लांब लोखंडी दांड्याने आइस्क्रीमचा गोळा हवेत फिरवीत असतो. समोर एक लहान मूल हात पुढे करून उभे असते. कोन हाती येतो आणि त्याच क्षणी निसटतो; पुन्हा येतो, तर त्यातले आइस्क्रीमच नाहीसे झालेले असते. हा खेळ आपण पाहिला असेल. तिसऱ्या-चौथ्या हुलकावणीनंतर मुलाचे हसू रडवेले होतानाही पाहिले असेल. त्या गमतीत एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो : हे आइस्क्रीम उलटे धरले तरी खाली का पडत नाही? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या आहाराशी आणि एका रानफुलाच्या अस्तित्वाशी निगडित असे बरेच काही दडलेले आहे.

तुर्की भाषेत या पदार्थाला ‘दोंदुर्मा’ म्हणतात. शब्दाचा अर्थ अगदी साधा, ‘गोठवलेले’. त्याचे माहेर दक्षिण तुर्कस्तानातील मराश हे शहर. १९७३ साली त्याच्या नावामागे ‘कहरामान’, म्हणजे ‘वीर’, ही उपाधी जोडली गेली. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भीषण भूकंपाच्या बातम्यांत कहरामानमराश हे नाव आपण वाचले असेल. तेच हे शहर. त्याच्या पाठीशी आहिर पर्वत उभा आहे. डोंगरउतारावरच्या रानगवतावर आणि झुडपांवर चरणाऱ्या शेळ्यांचे दूध हा मराशच्या आइस्क्रीमचा पाया. शीतकपाटे नव्हती तेव्हा या भागातील लोक डोंगरावरचा बर्फ खड्ड्यांत जपून ठेवीत आणि उन्हाळ्यात त्यावर द्राक्षांची काकवी ओतून खात. ‘कारसाम्बाच’ नावाचा हा प्रकार आजही तेथे मिळतो.

दूध आणि साखर यांच्या जोडीला दोंदुर्मात पडतो तो ‘सालेप’. डोंगराळ कुरणांत उगवणाऱ्या रानटी ऑर्किडचे कंद उकळून, वाळवून केलेले हे पीठ. त्यात ग्लुकोमॅनन नावाचा तंतुमय घटक असतो. तो पाणी धरून ठेवतो, बर्फाचे मोठे स्फटिक होऊ देत नाही आणि मिश्रणाला चिवटपणा देतो. त्यातच हे मिश्रण दांड्यांनी पुनःपुन्हा कुटले व ताणले जाते. नेहमीच्या आइस्क्रीममध्ये भरपूर हवा घुसळलेली असते. यात ती फारच थोडी. म्हणून ते घट्ट बनते, दांड्याला चिकटून राहते आणि सावकाश वितळते. मराशमध्ये त्याचे मोठे गोळे आकड्याला टांगलेले दिसतात. त्याची वडी कापून बशीत देतात आणि लोक ती सुरी-काट्याने खातात.

स्वादांची यादीही त्या भूमीची ओळख करून देणारी आहे. जाणकारांचा ओढा ‘सादे’कडे, म्हणजे केवळ दुधाच्या चवीकडे असतो; शब्द आपल्या ‘साध्या’शी किती जवळचा आहे पाहा. शेजारच्या गाझिआन्तेपचा हिरवागार पिस्ता, ‘विश्ने’ नावाची आंबट चेरी, काळी तुती, लिंबू आणि दाट सायीचा ‘कायमाक’ हे इतर लोकप्रिय स्वाद. काही ठिकाणी ‘साकिझ’ घालतात. आपल्याकडील युनानी औषधांच्या दुकानांत रूमी मस्तकी म्हणून मिळणारी राळ ती हीच. ती ग्रीसच्या कीओस बेटावरील झाडांपासून मिळते आणि त्या बेटाला तुर्की लोक साकिझ बेटच म्हणतात. गरम पदार्थाबरोबर थंड खाण्याची तिकडे विशेष आवड. लोण्यात भाजलेल्या रव्याचा ‘इर्मिक हेल्वा’ आपल्या शिऱ्याचा जवळचा नातलग. त्याच्या पोटात आइस्क्रीम भरून देतात. बकलाव्याच्या तुकड्याशेजारीही ते असतेच.

आता आपल्या नियतकालिकाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. ‘शेळीचे दूध आहे, औषधी कंद आहे, म्हणजे हे आइस्क्रीम पौष्टिकच’ असे आपल्याला सांगितले जाईल. यातील पहिल्या विधानाबाबत अत्यंत सावध राहावे. ज्या मुलांना गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असते, त्यांच्यापैकी बहुतेकांना शेळीचे दूधही सोसत नाही, कारण दोन्हींतील प्रथिनांत फार साम्य असते. दुधातील साखर न पचणाऱ्यांनाही शेळीच्या दुधाने फारसा दिलासा मिळत नाही. पिस्त्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला तर साध्या स्वादाचे आइस्क्रीम देतानाही तोच दांडा पिस्त्याच्या डब्यात बुडवला गेला आहे का, हे विचारायला संकोचू नये.

दुसऱ्या विधानाचा हिशेब करून पाहू. मिश्रणात सालेपचे प्रमाण शेकडा एक भागाच्या आसपास असते. म्हणजे शंभर ग्रॅम आइस्क्रीममधून आपल्या पोटात जेमतेम एक ग्रॅम सालेप जातो. तेवढ्या तंतूंनी पचनावर लक्षणीय उपकार होत नाहीत. त्याच शंभर ग्रॅममध्ये साखर मात्र सहज पंधरा-वीस ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि पाच टक्क्यांखाली राहिल्यास अधिक चांगले. प्रौढ व्यक्तीसाठी पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. घरात मधुमेही असतील तर ‘औषधी’ या शब्दाने त्यांची दिशाभूल होऊ देऊ नये.

सालेपची कीर्ती मुख्यतः शक्तिवर्धक म्हणून आहे. ऑर्किडच्या मुळाशी दोन गोल कंद जोडीने असतात आणि त्यांच्या आकारावरूनच पौरुषवर्धक गुणाची कल्पना रूढ झाली. तिला भक्कम शास्त्रीय आधार नाही. ‘सालममिश्री’ या नावाने काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारा कंद आपल्या वाचकांना परिचित असेल. तोही याच वंशातला. हिमालयात उगवणारी त्याची ‘सालमपंजा’ ही जात अतिरेकी खोदकामामुळे आज संकटात सापडली आहे.

तुर्कस्तानातही तीच व्यथा आहे. एक किलो सालेपसाठी साधारण एक ते चार हजार कंद लागतात. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक; त्यात अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजते आणि फूल यायला कित्येक वर्षे जातात. कंद काढताना जुना, सुरकुतलेला सोडून पुढच्या वर्षासाठी वाढलेला टवटवीत कंद घेतात, म्हणजे त्या रोपाचे भविष्यच खणून नेतात. तुर्कस्तानाने सालेपच्या निर्यातीवर बंदी घातली आहे आणि ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. तरीही देशातली मागणी मोठी आहे. हिवाळ्यात दालचिनी भुरभुरून प्यायल्या जाणाऱ्या गरम पेयालाही तोच कंद लागतो.

मग ही चव सोडूनच द्यायची का? तसे मुळीच नाही. चिवटपणा देणारे पर्याय शेतात पिकतात. गवारीच्या बियांपासून मिळणारा डिंक आइस्क्रीमसाठी सर्रास वापरला जातो आणि त्याचे सर्वाधिक उत्पादन भारतातच होते. आपल्या सुरणाच्या कुळातील ‘कोंजाक’ या कंदातही ग्लुकोमॅनन असते आणि चीन-जपानमध्ये त्याची लागवड होते. मराशच्या जुन्या कारागिरांना हे पर्याय रुचणार नाहीत, आणि चवीतला फरक त्यांना कळतही असेल. परंतु आपल्या गावात विकत मिळणाऱ्या गोळ्यात सालेप नाही, असे कळले तर फसवणूक झाली म्हणून हळहळू नये. एखाद्या डोंगरावरचे फूल वाचले असे समजावे. उलट ‘अस्सल सालेप’ म्हणून महागडी पुडी कोणी देऊ केली, तर ती घेऊ नये.

तुर्कस्तानाकडून घेण्यासारखी गोष्ट त्या कंदापेक्षा तिथल्या खाण्याच्या रीतीत आहे. पुढच्या वेळी घरी आइस्क्रीम आणाल तेव्हा वाडगे भरून देऊ नका. एक लहान वडी कापा, बशीत ठेवा, काटा-चमचा द्या आणि सर्वांनी मिळून, बसून खा. जेवणानंतर लगेच दुसरी वडी मागणाऱ्या मुलाला पहिली सावकाश संपवायला सांगा. आणि तो विक्रेता दिसलाच, तर मुलाला आधीच विचारा की हा खेळ त्याला हवा आहे का. नको म्हणाले, तर कोन सरळ हातात द्यायला सांगा. लहान मुलाची खाण्यातली गंमत त्याच्या हिरमुसण्यावर उभी नसावी.