पडीक कोणी ठरवायचे?

सरकारी दप्तरात ‘पडीक’ हा शब्द ज्या सहजतेने लिहिला जातो, ती सहजता निदान अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला खटकली पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पडीक भूमीविषयक नकाशासंग्रहानुसार देशातील सुमारे साडेपाच कोटी हेक्टर, म्हणजे जवळजवळ १७ टक्के जमीन या सदरात पडते. झुडपी माळरानेही तीत आली. जिचे उत्पन्न मोजलेले नाही ती जमीन निरुपयोगी, हा हिशेब सोयीचा असेल, बरोबर खचित नाही.

बाभूळ, बोर, तरवडाच्या अशा माळावर निदान कोळ्यांची तरी गणती करून पाहावी. कोळी हा कीटक नव्हे, कीटकांचा भक्षक आहे. जगातील कोळी वर्षाकाठी ४० ते ८० कोटी टन भक्ष्य, मुख्यतः कीटक, फस्त करतात, असा २०१७ मधील एक अंदाज आहे. काटेरी झुडपावर शेकडोंनी मिळून एकच घरटे विणणारा कोळीही दख्खनच्या माळावर आढळतो; सहकाराचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या राज्याने त्याची दखल घेऊ नये, हे नवलच!

या गणतीस भांडवल फारसे लागत नाही. झुडपाखाली उलटी छत्री धरून फांद्या झोडपायच्या, जमिनीच्या पातळीत पेले पुरायचे, रात्री विजेरी घेऊन हिंडायचे. खरी अडचण पुढे येते. पिल्लांवरून जात सहसा ठरत नाही. प्रौढ नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो, आणि ती नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. डॉ. बी. के. टिकादर यांनी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत राहून आयुष्यभर हे काम केले. आज ते करू पाहणाऱ्या तरुणाला कायमची नोकरी कोठे आहे?

इकडे माळ मात्र थांबत नाहीत. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सुटला. गवताळ माळांवर गिरिपुष्प लावण्याचे प्रकार त्याआधीही झालेच होते. आता सौर पटल येत आहेत, आणि २००६ च्या अधिसूचनेतील पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाची अट या प्रकल्पांना लागू नाही. सौर ऊर्जेला विरोध करण्याचे कारण नाही. पण माळ देण्यापूर्वी एक फेरी उन्हाळ्यात व एक पावसाळा सरताना, एवढी गणती जिल्ह्यातील महाविद्यालयाकडून करून घेण्याची अट करारात घालता येईल. नुसत्या मे महिन्यात पाहणी करून ‘काही आढळले नाही’ असा शेरा मारणे अर्थातच सोपे आहे.