पहाटे पळणारीचं ताट

मैत्रिणींनो, आपल्या जामखेडसारख्या गावांत हल्ली पहाटेच्या अंधारात मुली पळताना दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी शाळा-कॉलेजच्या स्पर्धांसाठी. भरतीला मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, शिवाय गोळाफेक. ही तयारी दोन-चार दिवसांची नव्हे, महिनोन् महिने चालते. आणि पोर घरी येते ती चेहरा उतरलेला, पाय दुखताहेत, दुपारी पुस्तक समोर धरून डुलक्या घेते. मग आई काळजीनं विचारते, “हिला द्यावं तरी काय खायला?”

आधी एक अप्रिय गोष्ट बोलते. घरातला मुलगा तालमीत जाऊ लागला, की त्याच्यासाठी दुधाचा रतीब वाढतो, बदाम येतात, तूप बाजूला काढून ठेवलं जातं. मुलगी पळू लागली तर तिला मिळतो चहा आणि रात्रीची पोळी. वर “जाड होशील हं” हा आहेर! अंगमेहनत दोघांची सारखी असताना खुराक एकाचाच का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला तर यात शहाणपण दिसत नाही.

आता थोडं शास्त्र. आपण खाल्लेल्या भाकरी-भातातल्या पिष्टाची साखर होते आणि तिचा साठा स्नायूंत आणि यकृतात राहतो. जोरात पळताना शरीर मुख्यतः हाच साठा वापरतं. रात्रीच्या झोपेत यकृतातला साठा बराच उतरलेला असतो. त्यावर नुसता चहा पिऊन पोर पळाली, तर तिला गरगरल्यासारखं झालं यात नवल ते काय? निघण्याआधी अर्धा तास एक केळं, नाहीतर दोन-तीन खजूर, एवढं पुरतं. तालमीतली थंडाई किंवा तुपातला शिरा मात्र पळण्याआधी नको. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात आणि पळताना मळमळतं. पोटभर जेवण आणि पळणं यांत दोन-तीन तासांचं अंतर हवंच.

पळून आल्यावर मात्र तासाभरात नीट खायला द्या. इथे आपली ज्वारीची भाकरी राणी आहे. भाकरी आणि मटकीची उसळ, भाकरी आणि दूध, हुलग्याचे शेंगोळे, काहीही चालेल. पिष्टानं साठा भरतो आणि प्रथिनांनी झिजलेले स्नायू सावरतात.

प्रथिनांचा मात्र हिशेब करायला हवा, कारण याच भीतीपोटी लोक हजारो रुपयांचे पावडरचे डबे आणतात. ५० किलो वजनाच्या, रोज कसून व्यायाम करणाऱ्या मुलीला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीच्या चार भाकऱ्यांतून सुमारे २४ ग्रॅम मिळतात. दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ धरा १४, दोन पेले दूध १२-१३, मूठभर शेंगदाणे ७ आणि तेवढेच फुटाणे ६. झाले की नाही ६० च्या वर? घरात अंडं चालत असेल तर एका अंड्याचे आणखी ६. डबा कुठे लागला? पण यात एक मेख आहे. डाळ खरोखर डाळ हवी, वाटीच्या तळाशी चार दाणे आणि वर पाणी असं वरण या हिशेबात बसत नाही!

आपल्या शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तुम्हाला ठाऊक आहेच. लहानपणी सहा किलोमीटर चालत-पळत शाळेला जाणाऱ्या या शेतकऱ्याच्या मुलानं २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक मिळवलं, सुवर्ण हुकलं ते अवघ्या ०.०५ सेकंदानं. पुढच्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णही आणलं. अशी माणसं याच ज्वारी-बाजरीच्या टापूत जन्मतात.

पाण्याकडेही बघा. तहान लागेपर्यंत थांबू नये. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय, ही घरगुती खूण. उन्हाळ्यात घामावाटे मीठही जातं, म्हणून मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ताक.

चतुर्थी-नवरात्रीचा उपवास असेल, तर नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढू देऊ नका. त्यात पिष्टाखेरीज फारसं काही नाही. राजगिरा, शेंगदाणे, दूध-दही द्या, आणि त्या दिवशी पळणं हलकं ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, जे बोलायला आपण संकोचतो. पाळी. घाम आणि पाळी दोन्ही मिळून मुलींचं लोह कमी पडतं. आधीच महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर कितीही सराव केला तरी दम लागतोच, म्हणून एकदा रक्त तपासून घ्या. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा, आणि जेवणानंतर तासभर चहा नको. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

आणि पळणाऱ्या मुलीची पाळी दोन-तीन महिने आलीच नाही, तर “व्यायामानं होतं असं, बरंच झालं कटकट गेली” म्हणून सोडून देऊ नका. पुष्कळदा त्याचा अर्थ, खर्चाच्या मानानं अन्न पोटात जात नाही आणि शरीरानं काटकसर सुरू केली आहे, असा असतो. या काटकसरीत हाडंही ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक तडा जातो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा आणि ताट वाढवा.

या गोष्टी कळायला पदवी लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या कितीतरी बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. मुलाचं वजन, गरोदरणीचं जेवण यांवर त्यांची बारीक नजर असे. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला, त्यामागे या बायकांचे कष्ट होते.

तुमच्यापैकी कुणी स्वतः पळत असाल, तर हाच हिशेब तुम्हालाही लागू, बरं का! सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या चतकोरावर पळता येत नाही.

जाता जाता लाडू सांगते. वाटीभर शेंगदाणे, अर्धी वाटी तीळ आणि दोन चमचे हाळीव वेगवेगळे भाजून जाडसर कुटा. त्यात बिया काढलेला वाटीभर मऊ खजूर कुस्करून मळा आणि लहान लाडू वळा. पाकाची भानगड नाही. पळून आल्यावर दूध आणि दोन लाडू. आठ-दहा दिवस सहज टिकतात, घरातल्यांनी टिकू दिले तर.